बोहिलचा गोली

पावसाळा लागून मैदानावर चिखल झाला, की आमच्या शाळेतल्या पोरांना फुटबॉलची आठवण होते. मग मधल्या सुट्टीत गडी वाटले जातात. ही वाटणी मी गेली कित्येक वर्षे वर्गाच्या खिडकीतून पाहत आलो आहे. चपळ पोरे पुढे धावायला, दांडगी पोरे मागे अडवायला, आणि ज्याला कोणीच मागून घेत नाही असा एखादा हडकुळा मुलगा उरतो, त्याला दोन दप्तरांच्या मधोमध उभा करून सांगतात, "तू गोली!" बाकीचे चेंडूमागे हुंदडत असतात आणि हा एकटाच पावसात भिजत उभा. दहा वेळा चेंडू अडवला तर कोणी नोंद ठेवीत नाही. एकदा सुटला, तर शाळा सुटेपर्यंत बोलणी खावी लागतात. मी स्वतः त्या दोन दप्तरांच्या मध्ये पुष्कळ उभा राहिलो आहे, त्यामुळे गोली म्हटला की मला त्याचा कळवळा जरा जास्तच. जॉन टॉमसन नावाच्या एका स्कॉटिश गोलीची हकिकत मी वाचायला घेतली ती या आपलेपणापोटी. पण वाचता वाचता माझे लक्ष त्याच्यावरून दुसऱ्याच एका खेळाडूकडे वळले. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला फाइफ नावाचा परगणा आहे. एके काळी हा सारा मुलूख कोळशावर जगत असे. तिथल्या कर्कॉडी गावी २८ जानेवारी १९०९ रोजी जॉनचा जन्म झाला. वाढला मात्र तो कार्डेन्डनला, बोहिलच्या कोळसाखाणीच्या आसऱ्याने. बाप खाणीत, आळीतली सारी कर्ती माणसे खाणीत. तेव्हा मुलगाही चौदाव्या वर्षी खाणीत उतरला यात कोणाला नवल वाटले नाही. आमच्याकडची मुले ज्या वयात भूमितीच्या प्रमेयांशी झटापट करीत असतात, त्या वयात हा जमिनीखाली तीनशे यार्डांवर कोळशाच्या वाघिणींच्या साखळ्या सोडवीत असे. दिवसभर काळोख, आणि शनिवारी वर मोकळ्या हवेत फुटबॉल. खाणगावांतून फुटबॉल इतका का फोफावला, याचे उत्तर मला या एका वाक्यात मिळाले.

बोहिल रोव्हर्स, मग वेलस्ली ज्युनिअर्स अशा गावठी संघांतून तो खेळू लागला. १९२६ साली ग्लासगोच्या नामांकित सेल्टिक क्लबाचा एक पारखी माणूस, स्टीव्ह कॅलॅहन, तिकडे एक सामना पाहायला आला. तो आला होता समोरच्या संघाचा गोली पाहायला! पण त्याची नजर खिळली ती वेलस्लीच्या सतरा वर्षांच्या पोरावर. दहा पौंडांवर करार झाला. त्या वर्षी मे महिन्यापासून ब्रिटनच्या खाणकामगारांचा आणि मालकांचा मोठा झगडा चालू होता. महिनोन्‌महिने खाणी बंद, चुली थंड. अशा वेळी घरात आलेले ते दहा पौंड केवढे वाटले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. तरीही आईचा या धंद्याला विरोध होता. पोराला गोलात जबर इजा झाल्याचे तिच्या मनात आले होते, असे सांगतात. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नव्हे. पण नवरा आणि मुलगा रोज खाणीत उतरताना पाहणाऱ्या बाईला भीती वाटायला स्वप्ने पडावी लागत नाहीत.

आता ग्लासगोच्या फुटबॉलविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज पुढची कथा कळायची नाही. तिथे दोन मातब्बर क्लब. रेंजर्सची स्थापना १८७२ ची. सेल्टिकची १८८७ ची, आणि ती झाली आयर्लंडहून पोट भरायला आलेल्या गरीब कॅथलिक वस्तीसाठी, तिथल्या भुकेल्या मुलांच्या जेवणाला पैसा उभा करावा म्हणून. पुढे एक क्लब प्रॉटेस्टंटांचा आणि एक कॅथलिकांचा अशी वाटणी पडली, आणि दोघांचा सामना म्हणजे दोन धर्मपंथांचा मुकाबला होऊन बसला. शेजारी शेजाऱ्याशी त्या दिवसापुरता अबोला धरी. गंमत अशी की जॉन टॉमसन हा प्रॉटेस्टंट घरातला, आणि तो कॅथलिकांच्या सेल्टिकचा लाडका झाला. सेल्टिकने खेळाडू घेताना कधी पंथ पाहिला नाही. रेंजर्सने मात्र कित्येक दशके कॅथलिक खेळाडू उघडपणे घेतला नाही. ती रीत खऱ्या अर्थाने मोडली १९८९ साली.

फेब्रुवारी १९२७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डंडी संघाविरुद्ध तो पहिल्यांदा सेल्टिकच्या गोलात उभा राहिला. सामना सेल्टिकने २-१ असा जिंकला आणि त्यानंतर ती जागा त्याची झाली. दोनच महिन्यांनी स्कॉटिश कपाचा अंतिम सामना आला तो ईस्ट फाइफशी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या परगण्यातल्या संघाशी! सेल्टिकने ३-१ असा कप जिंकला. ज्या मुलाने गेल्या साली खाणीत साखळ्या सोडवल्या, त्याच्या गळ्यात या साली पदक.

तो काही आडदांड नव्हता. उंची पाच फूट नऊ इंच, अंग शिडशिडीत, हात मात्र लवचिक आणि झेप मांजरासारखी. त्या काळी गोलीचे काम आजच्यासारखे नव्हते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. चेंडू चामड्याचा, वर वाद्यांची शिवण. पाऊस पडला की पाणी पिऊन जड होई. हातात चेंडू घेतलेल्या गोलीला खांद्याची धडक मारून गोलात लोटणे नियमात बसत असे. या साऱ्यात टॉमसनचे वैशिष्ट्य असे, की समोरचा गडी एकटाच चेंडू घेऊन आत घुसला, तर हा मागे उभा राहून वाट पाहत नसे. तो पुढे धावून सरळ त्याच्या पायांवर झेप घेई. अशी झेप घेताना डोके कुठे जाते याचा विचार करायला वेळ नसतो. फेब्रुवारी १९३० मध्ये एअर्ड्रीच्या संघाशी खेळताना त्याचा जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, दोन दात गेले. आईने पुन्हा विनवले, आता हे सोड. त्याने सोडले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तो पॅरिसला फ्रान्सविरुद्ध स्कॉटलंडतर्फे खेळला. मार्च १९३१ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या साक्षीने स्कॉटलंडने इंग्लंडला २-० असे हरवले, तेव्हाही गोलात तोच होता. देशासाठी एकंदर चार सामने खेळला आणि त्यांपैकी तीन सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच वसंत ऋतूत मदरवेलला नमवून सेल्टिकने पुन्हा कप जिंकला. वय बावीस, लग्न ठरलेले. यापुढे दहा-बारा वर्षे स्कॉटलंडला गोली शोधावा लागणार नाही असे वाटावे, अशी ती वेळ.

शनिवार, ५ सप्टेंबर १९३१. रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना. ऐंशी हजार माणूस लोटले होते. पहिला अर्धा डाव कोरडा गेला. उत्तरार्ध सुरू होऊन पाचच मिनिटे झाली असतील. रेंजर्सच्या फ्लेमिंगने पुढे दिलेला चेंडू सॅम इंग्लिशला मिळाला आणि तो एकटाच गोलाकडे धावत सुटला. आडनाव इंग्लिश, पण माणूस उत्तर आयर्लंडमधला, वय तेवीस. रेंजर्सकडे नुकताच आलेला, आणि आल्यापासून गोलांचा सपाटा लावलेला. त्याने फटका मारायला पाय उचलला त्याच क्षणी टॉमसनने आपली ती नेहमीची झेप घेतली. गुडघा आणि डोके यांची टक्कर झाली. चेंडू खांबाला वळसा घालून बाहेर गेला.

या प्रसंगाची फिल्म उपलब्ध आहे. मी ती दोन वेळा पाहिली, तिसऱ्यांदा धीर झाला नाही. काही सेकंदांचा खेळ. दोघेही पडतात, इंग्लिश लंगडत उठतो आणि मदतीसाठी हात हलवू लागतो. काय घडले ते त्या मैदानावर सर्वांत आधी ओळखले ते त्याने.

गोलामागच्या गर्दीतल्या रेंजर्सच्या काही चाहत्यांनी मात्र हुर्यो केली. त्यांना वाटले, सेल्टिकचा गोली सोंग करतो आहे. तेव्हा रेंजर्सचाच कर्णधार डेव्ही मिकलजॉन त्यांच्यासमोर गेला आणि हात वर करून त्याने त्यांना गप्प केले. ऐंशी हजारांचे मैदान हळूहळू चिडीचूप झाले. डोक्याला पट्ट्या बांधून टॉमसनला स्ट्रेचरवरून नेले. त्याची वाग्दत्त वधू प्रेक्षकांत बसली होती. सेल्टिकचा गीटन्स गोलात उभा राहिला, त्या काळी बदली खेळाडू नसे, आणि सामना पुढे खेळला गेला. ०-० असा सुटला.

व्हिक्टोरिया इस्पितळात डॉक्टरांनी पाहिले तो उजव्या कानशिलापाशी कवटी दोन इंच व्यासाची आत दबलेली. शस्त्रक्रिया केली. फाइफहून आईबाप धावत आले. रात्री ९ वाजून २५ मिनिटांनी त्याने प्राण सोडला.

पुढच्या बुधवारी बोहिलच्या दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. १९३१ साल जागतिक मंदीचे. ग्लासगोत हजारो माणसे बेकार. ज्यांच्यापाशी आगगाडीचे भाडे नव्हते, ती पंचावन्न मैल पायी चालत निघाली आणि रात्र गावाजवळच्या टेकड्यांवर उघड्यावर काढून सकाळी अंत्ययात्रेला उभी राहिली. पंढरीच्या वाटेवरची माणसे पाहिलेल्या आपल्याला ही पायपीट समजायला अवघड नाही. तीस हजार लोक जमले होते असे म्हणतात. सेल्टिकच्या सहा खेळाडूंनी पेटी खांद्यावरून नेली. त्यात निळे आणि हिरवे, दोन्ही पंथांचे लोक एका रांगेत होते.

इथवर ही हकिकत कोणत्याही वीरकथेसारखी आहे. तरणाबांड खेळाडू मैदानावर पडतो, लोक रडतात, कबरीवर फुले वाहतात. पण मैदानावर टक्कर झाली तेव्हा माणसे दोन होती.

अपघाती मृत्यूची रीतसर चौकशी झाली आणि सॅम इंग्लिशकडे कसलाही दोष नाही असा निर्वाळा मिळाला. पंचानेही फाऊल दिलेला नव्हता. फक्त एका साक्षीने काम बिघडवले. सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली हे वयोवृद्ध, मान्यवर गृहस्थ. त्यांना विचारले तेव्हा ते अशा अर्थाचे बोलले, की तो अपघातच असावा अशी माझी आशा आहे, पण नक्की मत देण्याइतके मी पाहिले नाही. मेली खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. पण 'आशा आहे' म्हणण्याने केवढी फट उघडी राहिली! वर्गात एखाद्या मुलाची पेन्सिल हरवली आणि मास्तर नुसते एवढेच म्हणाले, की 'या मुलाने ती घेतली नसावी', तर त्या मुलाचे वर्षभर काय होते हे मी जाणतो. टॉमसनच्या आईबापांनी मात्र इंग्लिशला कधी दोष दिला नाही. तो त्यांना भेटायला कार्डेन्डनला त्यांच्या घरी गेला, आणि त्यांनी त्याला आत घेतले. ज्या बाईचा मुलगा गेला तिला जे साधले, ते हजारो परक्यांना साधले नाही.

त्या हंगामात इंग्लिशने लीग सामन्यांत ४४ गोल केले. एका हंगामातला रेंजर्सचा तो विक्रम त्यानंतर कोणी मोडला नाही. प्रत्येक गोलाला एकीकडून टाळ्या आणि दुसरीकडून 'खुनी' म्हणून आरोळ्या. १९३२ साली रेंजर्सने त्याला आठ हजार पौंडांना लिव्हरपूलला दिले. माणसाला वाटावे, देश बदलला की सुटका होईल. पण ती हाक इंग्लंडमध्येही त्याच्या मागे आली. प्रतिस्पर्धी खेळाडूसुद्धा कधी कधी ऐकवत. मग तो आणखी छोट्या क्लबांत गेला आणि १९३८ साली, अजून तिशीही उलटली नव्हती तेव्हा, त्याने खेळ कायमचा सोडला. त्या टकरीनंतरच्या सात वर्षांत खेळाचा आनंद म्हणून आपल्याला मिळाला नाही, असे त्याने पुढे सांगितले. १९६७ साली मज्जातंतूंच्या एका दुर्धर आजाराने, हातापायांतली शक्ती हळूहळू जात, तो निवर्तला.

राहता राहिली बोहिलची खाण. टॉमसनला पुरून दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी तिथे स्फोट झाला आणि दहा माणसे गेली. जॉन खाणीतच राहिला असता तर वाचला असता काय, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. ही तारीख वाचल्यावर तो मी बाजूला ठेवला. आज ती खाण नाही. परगण्यातल्या साऱ्याच खाणी बंद झाल्या. कार्डेन्डनमध्ये टॉमसनच्या नावाने लहान मुलांचे फुटबॉल सामने भरवण्याची प्रथा मात्र पडली आहे.

ऑक्टोबर २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात पीटर चेक या नामवंत गोलीच्या डोक्यावर असाच गुडघा बसला आणि त्याची कवटी अशीच आत दबली. पण शस्त्रक्रिया होऊन तीन महिन्यांत तो पुन्हा मैदानावर उतरला, डोक्याला मऊ शिरस्त्राण बांधून. ते त्याने २०१९ साली निवृत्त होईपर्यंत काढले नाही. पंचाहत्तर वर्षांत वैद्यक एवढे पुढे आले.

जॉन टॉमसनची कबर बोहिलला आहे आणि तिथे आजही माणसे जातात. २००८ साली स्कॉटिश फुटबॉलच्या मानकऱ्यांत त्याचे नाव रीतसर घालण्यात आले. सॅम इंग्लिशच्या नावाला आणखी एक वर्ष थांबावे लागले. २००९ साली रेंजर्सने त्याच्या नावाचे एक चांदीचे पात्र ठेवले. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या आपल्या खेळाडूला ते देतात.