वाघाची हद्द, गावाची वेस

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना बीबी लागतं. इथला शेतकरी रात्री पिकाला पाणी द्यायला निघाला, की हातात बॅटरी आणि काठी घेतो. रानडुकरं कधी आडवी येतील याचा नेम नाही. जंगली जनावर राखायचं, तर माणसाच्या जिवाचं काय? प्रश्न रोजचा आहे, तसाच जुनाही.

इंग्रजी अमदानीत १८७८ साली दोन कायदे झाले. वन कायद्यानं जंगलावर सरकारची पकड बसली. शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. वऱ्हाडासाठी १८८६ मध्ये वेगळा वन कायदा आला. दुसरीकडे वाघ, बिबट्या, लांडगा मारणाऱ्याला सरकारच इनाम देई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या काळात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले.

आफ्रिकेतही हाच खाक्या. १८९८ मध्ये त्सावो इथं रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांचे बळी घेतले. त्यांत हिंदुस्थानातून गेलेले मजूरही होते. पुढं १९०० साली युरोपीय सत्तांनी लंडनमध्ये करार केला. जिराफाला संरक्षण मिळालं. सिंह, बिबट्या मात्र उपद्रवी ठरले. कोणतं जनावर राखायचं नि कोणतं मारायचं, हे साहेब ठरवी. ज्याच्या गोठ्यात बिबट्या शिरे, त्याला कोण विचारतो?

स्वतंत्र भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. वाघाची शिकार बंद झाली. वाघ माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला मारायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी हुकूम लागतो. १९९७ मध्ये आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य जाहीर झालं.

पण जनावर नकाशा बघून चालत नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ शेतं, रस्ते, गावं ओलांडत तेराशे किलोमीटरवर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. वाटेत माणूस जखमी झाल्याची घटना घडली ती एकदाच. वाघ झुडपात विसावलेला असताना लोकांचा घोळका आत शिरला, तेव्हा.

म्हणजे नुसती हद्द आखून भागत नाही. वाघ दिसल्याची खबर गावाला वेळेवर मिळावी, बघ्यांनी मागं राहावं, नुकसानीचा पंचनामा लगेच व्हावा. साहेबानं गावाला विचारलं नाही. आपण तरी विचारायला हवं; कारण रात्री बॅटरी घेऊन शेतात उतरायचं असतं ते त्या गावकऱ्यालाच.