विजेची ज्योत आणि कारागिराचा श्वास

लोखंडाला लोखंड सांधण्याची विद्या लोहारानें भात्याच्या विस्तवावर शतकानुशतकें चालविली. विजेच्या ज्योतीनें तें काम १८८१ च्या सुमारास रशियाच्या निकोलाय बेनार्डोस यांनीं साधलें. त्यांची कांडी कार्बनची होती. १८८८ मध्यें निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनीं धातूची सळईच ज्योतींत वितळवून सांधा भरला. परंतु हवेंतील प्राणवायु व नत्रवायु शोषून असा सांधा ठिसूळ होई. म्हणून स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सळईस लेप दिला. लेप जळून वितळत्या धातूवर वायूचें व मळीचें आवरण धरी. १९२० मध्यें इंग्लंडांत बर्कनहेड येथें रिव्हेटांवांचून सांधलेलें 'फुलागर' जहाज पाण्यांत उतरलें.

ज्या लेपानें सांधा बळकट केला, त्यानेंच धुरांतही भर घातली. ज्योतीच्या प्रखर उष्णतेंत धातूची वाफ होते, आणि थंड होतांच तिचे अतिसूक्ष्म कण बनून श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जातात. ही वाफ मुख्यतः सळईची व तिच्या लेपाची असते, पत्र्याची थोडी. पत्र्यावर जस्ताचा मुलामा किंवा रंग असला म्हणजे मात्र तोही धुरांत भर घालतो. वीजप्रवाह वाढविला, ज्योत लांब धरली, कीं धूर वाढतो. लेपाचा प्रकार बदलला कीं धुराचें मानही बदलतें.

१९३६ मध्यें डॉइग व मॅक्लॉफ्लिन या वैद्यांनीं वेल्डरांच्या फुप्फुसांच्या क्ष-किरण चित्रांत आढळलेल्या छाया 'लॅन्सेट' मासिकांत नव्हे, त्या साप्ताहिकांत प्रसिद्ध केल्या. त्या लोहकणांच्या होत्या. धुराचा संपर्क सुटल्यावर त्या फिकट होऊं शकतात, असेंही त्यांनींच १९४८ मध्यें दाखविलें. त्यामुळें दिलासा वाटला. परंतु धुरांत केवळ लोह नसतें. मँगेनीज असतें, आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या धुरांत क्रोमियमचीं घातक संयुगेंही असतात. अखेर २०१७ मध्यें कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें वेल्डिंगच्या सर्वच धुरास मानवांत कर्करोग उत्पन्न करणारा ठरविलें.

सांध्याच्या दोषावर उपाय शोधण्यास माणसास वीस वर्षें पुरलीं. श्वासाच्या प्रश्नास शतकाहून अधिक काळ लागला. तरी धूर हें कारागिराचें प्राक्तन नव्हे. बेताचा प्रवाह, आंखूड ज्योत, योग्य सळई व धूर उगमाशींच ओढून नेणारी नळी, हे उपाय आपल्या हातचे आहेत. सांध्याइतकीच काळजी सांधणाऱ्याची घेतली पाहिजे.