दोन रुळांमधला तालुका

ज्या गांवाजवळून आगगाडी जाते त्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ भेटतात. परंतु जें गांव दोन लोहमार्गांच्या मध्येंच राहून गेलें, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील हदगांव हें अशांपैकींच एक होय.

निजामाच्या राज्यांत वाडी-सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ सालीं सुरू झाला. मराठवाड्यास मात्र आणखी पाव शतक वाट पाहावी लागली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडास पोंचली आणि नांदेड तिच्या वाटेवर आलें. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा तोच काळ. हा मार्ग मीटर मापाचा. मनमाडास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ रुंद मापाचा. त्यामुळें मुंबईस जाणारी कापसाची प्रत्येक गासडी तेथें एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावी लागे.

हदगांवच्या उत्तरेस पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे उमरखेड-पुसदचा वऱ्हाडी मुलूख. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी धावूं लागली. कापूस वाहून नेणें हें तिचें मुख्य काम. अशा रीतीनें एकाच काळ्या मातींतील कापसासाठीं तीन मापांचे रूळ पडले. हदगांवच्या वेशीपाशीं मात्र त्यांतला एकहि आला नाहीं.

या विसंगतीचें एक कारण सरहद्दींत सांपडतें. नदीच्या दोन तीरांवर दोन कारभार, मध्यें करोडगिरीचे नाके. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत १९१२ सालीं फांटा गेला, पण वऱ्हाडच्या अलीकडेच थांबला. अकोल्याशीं त्याचा सांधा जुळला तो स्वातंत्र्यानंतर. मुदखेडहून निघालेला आदिलाबादचा फांटा भोकरवरून हिमायतनगरास गेला. हिमायतनगर तेव्हां हदगांव तालुक्यांतच होतें. म्हणजे तालुक्यांत स्टेशन झालें, पण तालुक्याचें ठाणें आडबाजूसच राहिलें. कचेरीच्या गांवीं येणाऱ्यास बैलगाडी किंवा पायवाट, आणि पुढें मोटार, एवढाच आधार होता.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा व विदर्भ एका राज्यांत आले. सरहद्द पुसली गेली, तरी रुळांची घडी तशीच राहिली. मीटर मापाचे जुने मार्ग पुढें रुंद झाले. यवतमाळची चिमुकली गाडी बंद पडली. २८४ किलोमीटरच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची कोनशिला २००९ सालीं बसली, आणि त्यांतील वर्धा-कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्यें खुला झाला. हा मार्ग पुसद, उमरखेड व हदगांव या बाजूनें नांदेडास यावयाचा आहे.

नदी ही मूळची सरहद्द नव्हे. तिच्या दोन्ही कांठीं तीच भाषा, तोच कापूस आणि तेच सोयरसंबंध. तहांनीं जें तोडलें तें कागदावर जोडण्यास एक शतक पुरलें. जमिनीवर जोडण्याचें काम त्याहूनहि लांबलें. पैनगंगेवरून रुंद मापाची पहिली गाडी धडधडत जाईल, तेव्हां १८५३ च्या त्या तहाची शेवटची खूण हदगांवापुरती तरी पुसली जाईल.