छातीचं हाड न कापता बायपास

शेताच्या पाटात दगड-गाळ अडकला, तर आपण काय करतो? बाजूनं चारी काढून पाणी पिकापर्यंत नेतो. बायपास म्हणजे तेच. हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली, की आपल्याच शरीरातली दुसरी नळी जोडून रक्ताला नवी वाट द्यायची.

ही वाट सापडायला बरीच वर्षं लागली. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम यंत्रानं सांभाळलं. त्या यंत्रासाठी त्यांची पत्नी मेरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर राबली होती.

दुसरे डॉ. रेने फावालोरो, अर्जेंटिनाचे. वडील सुतार, आई शिवणकाम करायची. त्यांनी १२ वर्षं खेड्यात डॉक्टरकी केली, सुईणींना शिकवलं, रक्त देणाऱ्या गावकऱ्यांचा गट बांधला. मग अमेरिकेत क्लीव्हलँडला जाऊन १९६७ मध्ये पायातली शीर हृदयावर जोडून बायपास केली. ही पद्धत जगभर रुजली.

पण त्यासाठी छातीचं मधलं हाड करवतीनं कापावं लागे. ते सांधेपर्यंत दोन-तीन महिने हंडा उचलायचा नाही, सरपणाचा भारा नाही. घर कसं चालायचं?

१९९८ मध्ये पॅरिसला दिदिए लुल्मे आणि अलँ कार्पांतिए या डॉक्टरांनी रोबोच्या मदतीनं छाती न उघडता बायपास केली. बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि बारीक अवजारं आत जातात. रोबो स्वतःच्या मनानं काही करत नाही बरं का! बाजूला बसलेला डॉक्टर हात हलवतो, तशी अवजारं हलतात. केसासारख्या बारीक दोऱ्यानं टाके घालतात. जखम लहान, म्हणून माणूस लवकर कामाला लागतो.

मात्र ही पद्धत सगळ्यांना चालत नाही. बऱ्याच नळ्या तुंबल्या असतील तर अनेकदा छाती उघडणंच योग्य ठरतं. शिवाय रोबो महाग, शिकलेले हात थोडे, म्हणून तो मोजक्याच रुग्णालयांत आहे.

आणि यंत्र कितीही चांगलं असलं, तरी बाई वेळेवर दवाखान्यात पोचली तरच उपयोग. बायकांना दरवेळी छातीतच कळ येते असं नाही. अचानक धाप, थंड घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कधी नव्हे असा थकवा, हीही हृदयाची हाक असू शकते. 'पित्त झालंय' म्हणून अंगावर काढू नका. '१०८'ला फोन करा. स्वयंपाक थांबला तरी चालेल.