दोनच स्पीकर का? तबकडीच्या दोन भिंतींचा इतिहास

१/ घरी संगीत ऐकताना एक डावा आणि एक उजवा असे दोनच स्पीकर का असतात? ‘माणसाला कान दोन, म्हणून’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. स्टिरिओच्या इतिहासातील एका गाजलेल्या प्रयोगात स्पीकर दोन नव्हते, तीन होते. #धागा

२/ २७ एप्रिल १९३३. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आपल्याच शहरात वाजत होता. श्रोते मात्र वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये होते. बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर व सहकाऱ्यांनी डावा, मधला आणि उजवा असे तीन आवाज टेलिफोनच्या तारांवरून स्वतंत्रपणे तेथवर नेले. वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणयंत्रावर बसले होते साक्षात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की.

३/ मधला कशासाठी? दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला, की गायक मधोमध उभा असल्याचा भास होतो. पण दोन्हींपासून समान अंतरावर बसणाऱ्यालाच. थोडे बाजूला सरकावे, तर गायकही जवळच्या स्पीकरकडे सरकतो. सभागृहातील सारे श्रोते मध्यरेषेवर कसे बसणार? चित्रपटगृहांत पडद्यामागे मधला स्पीकर आजही असतो, तो याचसाठी.

४/ घरची अडचण निराळी होती. संगीत घरी येई ते तबकडीवरून, आणि तिच्यावर सुईसाठी खाच एकच. ईएमआयचा अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यातील एक कल्पना अशी : खाचेला दोन भिंती असतात, त्या परस्परांशी काटकोनात ठेवून प्रत्येकीवर एकेक आवाज कोरावा.

५/ जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे त्याने स्टिरिओ ध्वनिमुद्रण केले. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीवेळी विमान कोसळून तो गेला. वय अवघे ३८. त्याच तत्त्वावरच्या स्टिरिओ तबकड्या सर्रास विकल्या जाऊ लागल्या त्या १९५८ मध्ये. खाचेला तिसरी भिंत नव्हती. घराचा हिशेब दोनावर ठरला, त्यात या भिंतींचा वाटा कानांइतकाच होता.

६/ १९७० च्या दशकारंभी कंपन्यांनी चार कोपऱ्यांत चार स्पीकर मांडायचे ठरवले : क्वाड्राफोनिक. पण भिंती दोनच! सीबीएसच्या ‘एसक्यू’ने चार आवाज दोनांत मिसळले, ते पुन्हा पुरते वेगळे होत ना. जेव्हीसीच्या ‘सीडी-४’ने जादा माहिती कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांत लपवली, ती वाचायला खास सुई हवी. एका पद्धतीचे यंत्र दुसरीच्या तबकडीतून चार आवाज काढू शकत नसे. दशक सरण्याआधीच हा डाव मोडला.

७/ दोष केवळ यंत्रांचा नव्हता. मैफल श्रोत्याच्या समोर असते. पाठीमागून येतो तो सभागृहाचा घुमारा. मग मागच्या दोन स्पीकरांना द्यायचे काय? घुमारा द्यावा, तर एवढ्या खर्चाचे चीज होते का? वाद्ये द्यावीत, तर श्रोता थेट वादकांच्या गराड्यात. आणि बैठकीच्या खोलीचे चारही कोपरे रिकामे कोणाकडे असतात?

८/ सराउंड पुढे घरात आला, तो चित्रपटाचे बोट धरून, डीव्हीडीबरोबर. पडद्यावरचे हेलिकॉप्टर डोक्यामागून जाणे प्रेक्षकाला पटते. निव्वळ संगीतासाठी मात्र १९९९ ची एसएसीडी आणि २००० ची डीव्हीडी-ऑडिओ आपसांत झुंजल्या. सामान्य श्रोत्याच्या घरी दोन्ही फारशा रुजल्या नाहीत.

९/ २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने डॉल्बी अ‍ॅटमॉस आणले. ते इअरफोनवरही ऐकता येते. तेथे कोपऱ्यांत स्पीकर नसतात. दोन कानांना पोचणाऱ्या आवाजांतील वेळेचे, तीव्रतेचे, पोताचे सूक्ष्म फरक गणिताने घडवून चहूबाजूंचा आभास निर्माण होतो. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराचा आवाज प्रत्येक श्रोत्याला दोन टेलिफोनांतून ऐकवला होता, दोन कानांना दोन. त्या दालनापासून आपण वाटते तितके दूर आलेलो नाही.

१०/ ‘जे टिकले ते श्रेष्ठ’ हा निष्कर्ष तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार घाईने काढला जातो. स्टिरिओ टिकला, कारण तो एका खाचेत, दोन कोपऱ्यांत आणि मध्यमवर्गीय खिशात मावला. म्हणून एखाद्या शोधाचा इतिहास वाचताना प्रयोगशाळेबरोबर घराचा नकाशाही उघडून पाहावा.

आपल्या घरी दोन स्पीकर आहेत की पाच? आणि ऐकताना आपण खरोखर मधोमध बसता का? जरूर लिहा.