तडे गेलेल्या कालव्याचा भुर्दंड कोणाचा?

१/१४
भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. पुढे त्याच्या डाव्या कालव्याच्या काँक्रीट अस्तराला तडे गेले. सदोष बांधकामाचा भुर्दंड भरायचा कोणी? या प्रश्नाचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/१४
प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात त्याचे उत्तर कोरलेले आहे. बांधलेली भिंत ढासळू लागली, तर गवंड्याने ती स्वतःच्या पैशाने भक्कम करून द्यावी. बांधणारा एक, भरणाराही तोच. मध्ये तिसरा कोणी नव्हता.

३/१४
भंडाऱ्यालाही अशी व्यवस्था परिचित होती. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाज येथे तलाव बांधण्यात निष्णात मानला जाई. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेला नवेगावबांध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्याला जमिनीचा हक्क मिळे, ही गोंड राजवटीची रीत लोकस्मृतीत टिकून आहे.

४/१४
या रीतीत एक कठोर न्याय होता. पाळ कच्ची राहिली, सांडवा अरुंद ठेवला, तर पहिल्या मोठ्या पावसात बांधणाऱ्याचेच धान बुडे आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचेच शेत कोरडे पडे. दोषाची किंमत दुसऱ्याच्या माथी मारण्याची सोय त्याला नव्हती.

५/१४
१९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्ये हे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालक, बांधणारा आणि पाणी घेणारा आता तीन वेगळे पक्ष झाले.

६/१४
पक्ष वेगळे झाले की विश्वासाची जागा कागद घेतो. आजच्या सरकारी कंत्राटात असे दोन कागद असतात. पहिला, दोष-दायित्वाचा: काम पूर्ण झाल्यावर ठरावीक काळात उघड झालेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दूर करावेत, त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडवून ठेवलेली असते. दुसरा कागद विम्याचा.

७/१४
‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ हे त्या पॉलिसीचे नाव. अशी पहिली पॉलिसी १९२९ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ पुलासाठी उतरवली गेली, असे मानले जाते. महाराष्ट्रात सरकारी कामांच्या निविदांमध्ये हा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच घेण्याची अट आढळते. तो न घेतल्यास कंत्राटाच्या रकमेच्या १ टक्का बिलातून कापला जातो.

८/१४
नावात ‘ऑल रिस्क’ असले तरी सगळ्या जोखमी त्यात येत नाहीत. विमा असतो तो अकस्मात, अनपेक्षित घटनेचा: पूर, आग, दरड. सदोष आराखड्यामुळे झालेले नुकसान पॉलिसी सहसा स्पष्टपणे वगळते. निकृष्ट माल किंवा हलगर्जी कारागिरी दुरुस्त करण्याचा खर्चही वगळला जातो.

९/१४
या अपवादाला मात्र एक मर्यादा असते. समजा, कालव्याचा एक पट्टा खराब सिमेंटमुळे कोसळला आणि त्याच्या धक्क्याने शेजारचा नीट बांधलेला पूल पडला. पट्ट्याचे पैसे मिळणार नाहीत. पुलाचे मिळू शकतात. मुळात आराखडाच चुकला असेल, तर पुलाचेही मिळणे कठीण. म्हणून प्रत्येक वादाचा गाभा एकच: मूळ कारण कोणते?

१०/१४
या वादाचे गाजलेले भारतीय उदाहरण राजस्थानातील कोट्याचे. २४ डिसेंबर २००९ रोजी चंबळ नदीवरील बांधकामाधीन पुलाचा भाग कोसळला आणि ४८ कामगार मृत्युमुखी पडले. काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, कंत्राट ह्युंदाई आणि गॅमन यांच्या संयुक्त उपक्रमाचे, विमा युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीचा.

११/१४
तज्ज्ञ समितीने आराखड्यातील उणिवा आणि कामाच्या दर्जावर बोट ठेवले. त्याच आधारावर विमा कंपनीने २०११ मध्ये दावा नाकारला. २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंत्राटदारांच्या बाजूने कौल देत सुमारे ३९ कोटी रुपये व्याजासह देण्यास सांगितले.

१२/१४
१६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्यायालयाने सूत्र स्पष्ट केले: अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, येथे तज्ज्ञ समितीच्या अहवालामुळे तो पेलला गेला. दुर्घटनेपासून अंतिम निकालापर्यंत १४ वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर, २०१७ मध्ये, पूल वाहतुकीस खुलाही झाला होता.

१३/१४
आता पुन्हा गोसेखुर्द. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. सुमारे २३ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे अस्तर निकृष्ट ठरले. चौकश्या झाल्या, जनमंच ही संस्था उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले. येथे पूर नव्हता, भूकंप नव्हता. निकृष्ट अस्तर ही ‘अकस्मात घटना’ नव्हे. विम्याचा दरवाजा येथे मुळातच बंद असतो. उरते ते दोष-दायित्व, आणि तेही देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने दोष वेळेत नोंदवला तरच.

१४/१४
विमा हा देखरेखीला पर्याय नाही, हे या इतिहासाचे सार. कंत्राट सरकार आणि कंत्राटदारात होते, पॉलिसी कंत्राटदार आणि विमा कंपनीत. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची वाट पाहणाऱ्या धान उत्पादकाची सही यांपैकी एकाही कागदावर नसते. पाणी न आलेल्या हंगामाचा दावा तो कोणाकडे करणार? कोहळ्यांच्या पाळीला पॉलिसी नव्हती. पण ती बांधणाऱ्याला त्याच पाळीखाली शेती करायची होती.