यॉर्कशायर टेरिअर: गिरणी कामगारांचा कुत्रा

डोक्यावर फीत बांधलेला, रेशमी केसांचा हा इवलासा कुत्रा पाहिला की तो एखाद्या राजवाड्यातच जन्मला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याची जडणघडण इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत, गिरणी कामगारांच्या घरी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील अनेक विणकर कुटुंबे कामाच्या शोधात यॉर्कशायर आणि लँकेशायर परगण्यांत आली. त्यांच्यासोबत त्यांचे छोटे, लांब केसांचे टेरिअरही आले. गिरण्यांत आणि खाणींत उंदरांचा सुळसुळाट असे, आणि अरुंद फटीत शिरून त्यांचा फडशा पाडणारा कुत्रा लहानच हवा. उंदीर मारण्याच्या पैजाही लागत. स्थानिक कुत्र्यांशी संकर होत गेला. त्याच्या लेखी वंशावळी मात्र क्वचितच ठेवल्या गेल्या. म्हणूनच ही जात घडवणारे बहुतेक कामगार इतिहासात अनामिक राहिले.

नाव उरले ते एका कुत्र्याचे. १८६५ साली जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ प्रदर्शनांत बक्षिसे मिळवी आणि उंदीरही मारी. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून तो मेला. तोवर त्याची संतती सर्वत्र पसरली होती. ‘यॉर्कशायर टेरिअर’ हे नावही याच सुमारास रूढ झाले.

पुढे व्हिक्टोरियन उच्चभ्रू स्त्रियांना हा कुत्रा आवडला आणि त्याचा आकार मुद्दाम घटवला गेला. आज ब्रिटिश केनेल क्लबच्या मानकानुसार त्याचे कमाल वजन अवघे ३.२ किलो आहे. या हौसेची किंमत कुत्राच मोजतो. जबडा लहान असल्याने दातांची दाटी होते, म्हणून दात नियमित घासावे लागतात. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बरा. केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात, तेव्हा रोज विंचरणे आले. खाली लोकरीचा थर नसल्याने थंडीही लवकर बाधते.

स्वभाव मात्र कोणाला घटवता आला नाही. परक्याची चाहूल लागताच भुंकणे, माती उकरणे, आपल्याहून दसपट मोठ्या कुत्र्यावर धावून जाणे ही उंदीरमाऱ्या पूर्वजांचीच देणगी.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, न्यू गिनीच्या जंगलात ‘स्मोकी’ नावाची अशीच एक कुत्री बिल विन या अमेरिकन सैनिकाकडे आली. पुढे फिलिपिन्समध्ये लिंगायेन येथील धावपट्टीखालून दूरध्वनीची तार न्यायची होती. मोरीचा नळ सुमारे ७० फूट लांब आणि जेमतेम ८ इंच रुंद होता. दुसऱ्या टोकाला उभा राहून विन हाका मारीत होता, आणि गळपट्ट्याला बांधलेली तार ओढत स्मोकी त्या अंधारातून सरपटत पलीकडे निघाली. धावपट्टी खोदावी लागली नाही.